मोतीराम तांडेलाची सुरमई

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न घेऊन आलोय. माया असली, की हात लावायचा – की हात आवरायचा? नाही, आत्ता नको उत्तर! आत्ता जे पटकन बोलतील, त्यांच्याच घरची मुलं फोन उचलत नसतात.

आजचं आख्यान आहे मासळीचं. दचकू नका! मी स्वतः खात नाही. पण चाळीस वर्षं बंदरावरच्या देवळांत कीर्तनं करतोय, वास तर मलाही येतो ना! पेटीवाले अण्णा, तुम्ही वाजवा. लाळ गिळताय काय नुसते?

तर बंदरावर एक मोतीराम कुबल. तांडेल – म्हणजे होडीचा म्होरक्या! तीस वर्षं सुकाणूवर हात. खलाशाने जाळं कसं टाकायचं, दोरी कशी ओढायची, सगळं हाच सांगणार. दर्यावर ते शोभतं हो. पण घरी? बायको जाऊन दोन वर्षं झालेली. एकच लेक, वैजयंती. ती लग्न होऊन शेजारच्या गावी गेली, आणि याचे तिला दिवसाला चार फोन! जावयाने इंजिन कुठलं घ्यावं? हा सांगणार. लेकीच्या घरी गेला, तर तिच्या फडताळातले डबे याने हलवले! बिचारी साखर शोधत फिरतेय!

शेवटी वैजू म्हणाली, "बाबानू, माझो संसार माका करूक द्या." आणि येणं बंद. बोलणंही बंद. आठ महिने!

आता सांगा, तिची माया आटली होती? नाही हो. ती दमली होती.

मग एके दिवशी तिचा निरोप – "रविवारी येतंय. चारच्या गाडीन जातलंय." मोतीरामाला कळलं, की हा एवढा एकच दिवस आहे. आज बिनसलं, तर लेक पुन्हा यायची नाही. म्हणून त्याने ठरवलं, वैजूची आई करायची तशी सुरमई करायची – तव्यावर खरपूस भाजलेली, वर नारळाच्या दुधाचा दाट, तिखट रस!

बाजारात जाऊन पाच तुकड्या आणल्या. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, मसाला चोळला. एका शेगडीवर रस, दुसरीवर तवा. तुकडी टाकली – चर्र! आणि दहा मोजायच्या आत याचं उलथणं तिच्याखाली! का? तर करपेल! तुकडी मोडली. दुसरी टाकली – पुन्हा उलथणं, पुन्हा भुगा! आणि इकडे जो ढवळायचा तो रस राहिला बाजूला, तो आता फुटायच्या बेतात!

उरल्या तीन. दारात वैजू!

तिने पिशवी ठेवली, रसाखालची आच उतरवली, डाव घेऊन ढवळायला लागली. तिसरी तुकडी तव्यावर पडली. मोतीरामाचा हात पुढे –

"बाबानू, हात काढा!"

"अगो, करपात ती!"

"करपूची नाय. भाजली की आपणच सुटतली. आई काय करी? नुसती बघीत उभी ऱ्हवायची."

मोतीरामाने हात मागे घेतला. मंडळी, वादळात होडी घातलेला माणूस तो, पण ते दोन मिनिटं उभं राहणं त्याला जड गेलं हो! मग वैजूने तवा जरा हलवला. तुकडी सरकली! अख्खी, सोनेरी!

दोघं जेवायला बसली. रस भातावर घेता घेता वैजू हळूच म्हणाली, "मी बाजारात शिवणाचा दुकान घालतंय."

आली की पंचाईत! मोतीरामाच्या जिभेवर पाच सल्ले तयार. गाळा कुठला, मशीन कुठलं, पाटी कुणाकडून रंगवायची! वैजू मान खाली घालून थांबली – तिला ते सगळं पाठ होतं. याने एकदा शेगडीवरच्या तव्याकडे पाहिलं. आणि घास घेतला. बोलला नाही!

दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग वैजूनेच मान वर केली. "बाबानू, तुमका काय वाटता?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने विचारलं! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तुका काय वाटता, ता आधी सांग."

ती सांगायला लागली. गिऱ्हाइकं, कापड, भीती – सगळं! मध्येच रस्त्यावर चारच्या एसटीचा हॉर्न वाजला. दोघांनी ऐकला. वैजूने भांडं पुढे ओढलं, म्हणाली, "रस थोडो वाढा." गाडी गेली!

आता तुम्ही! मागे खांबाला टेकलेले काका, किती फोन झाले आज सुनेला? आणि मावशी, लेकीच्या फडताळाला शेवटचा हात कधी लावलात? हसू नका, मला सगळं कळतं! खरं तर याचा अर्थ नीट उलगडून सांगावा, तुमच्या गळी उतरवावा, असं फार मनात येतंय माझ्या. अर्धा तास सहज बोलेन...

पण नको. हा बघा, काढला हात!