सर मातीला गेल्यात

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझे हातपाय खरंच गार पडले होते.

आमच्या पाण्याच्या लाईनची चाचणी नगरच्या एका कॉलेजात चालू होती. जमिनीखाली माती पाईपाला किती धरून ठेवते, ते घर्षण लॅबमध्ये मोजायचं. तिथले पवार सर माझे जुने मित्र. रिपोर्टचं विचारायला फोन केला, तर तो लॅबमधल्या बापूंनी उचलला.

"सर पाथर्डीला मातीला गेल्यात."

म्हणजे कोणीतरी वारलं होतं. "कोणाची हो?"

"त्यांच्या सासऱ्यांची."

अण्णांची? मागच्याच आठवड्यात मला हुरड्याला बोलावत होते!

"असं अचानक कसं काय, बापू?"

"अचानकच की. सकाळी बघतोय तर खलास!"

पुढचं ऐकवलंच नाही. फोन ठेवला, सावेडीच्या फुलवाल्याकडून हार घेतला आणि स्कूटर थेट पाथर्डीला नेली. अण्णांच्या दारात ना माणसं, ना रडारड. म्हटलं, उरकलंसुद्धा. कडी वाजवली.

दार अण्णांनीच उघडलं.

मी हार धरून तसाच उभा.

"या की! आज इकडं कुठं?"

"मा... मातीला," एवढंच तोंडातून निघालं.

"मग मागं रानात जा. लॅबातली संपली म्हणून जावई तुमच्याच पाईपासाठी माती खांदत्यात." अण्णांनी हाराकडं निरखून बघितलं. "पर माती न्यायला हार कशाला? पोतं आणायचं की!"