पहिली हळद कुणी लावायची

तिला आत पुऱ्यांकडं बघू दे, फोटो झाले की बोलवू, असं मोठी काकू आत्याला हळूच म्हणाली, आणि मी पाटावर बसल्या बसल्या ते ऐकलं. तिला म्हणजे माझ्या आईला. आणि हळद माझी होती.

काय सांगू तुम्हाला, मी मुळात बोलणारी नाही. आमचं गाव तामलवाडी. वडील गेले तेव्हा मी लहान होते. आईनं शिलाईवर मला इंग्रजी शाळेत घातलं, तिथं मराठी बोललं की ओरडा आणि घरी इंग्रजी शब्द आला की हशा, म्हणून मी गप्पच राहायला शिकले. आता धाराशिवला एका लॅबमध्ये रक्त काढते, तिथंही सुई टोचते, पण बोलत नाही.

गावात कुणाचंही लग्न असो, नवरीचा ब्लाऊज आईच्याच हातचा. माप घेताना नवरीच्या अंगाला तिचा हात लागतो, तेव्हा कुणाला काही होत नाही. हळदीदिवशी मात्र ती मशीनपाशी बसून राहते, आपल्याला बोलावलं नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

आणि लोक म्हणतात गाव बदललं. बदललंच की. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव ग्रामसभेत मोठ्या काकांनीच मांडला, आईला शालही दिली. मी दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला, त्यालाही काका हो म्हणाले, म्हणाले, जग कुठं चाललंय, आपण का मागं राहायचं. मी त्यांच्या पाया पडले होते, खरंच.

आणि आता हे. मी काकूकडं नुसतं बघितलं, तर ती म्हणाली, अगं आमी कुठं अडवतोय, तिचं तिलाच नको वाटतंय, इचार की. आत्या म्हणाली, व्हय बाई, आता कोण पाळतंय, पर लेकीचा संसार हाय, उगं कशाला.

त्या उगं कशालानं माझं डोकं फिरलं. पूर्वी लोक तोंडावर नाही म्हणायचे. आता तेवढंही करत नाहीत, नाही म्हणायचं काम आईवरच टाकतात आणि आपण सुधारलेले राहतात. आता लग्न होऊन गेलंय, माझं बरं चाललंय, पण त्या दिवसाचा राग काही जात नाही.

काकूनं आंब्याचं पान हळदीत बुडवून पुढं केलं. मी गाल मागं घेतला. आई दारातूनच म्हणाली, बस गं गुमान, मला नको, उद्या तुझ्या घरात काय झालं तर गाव माझ्याच हाताला बोल लावंल.

मग मी तोंड उघडलं.

आई, बाबा तापानं गेले, तुझ्या हातानं नाही. इकडं ये. तू लावल्याशिवाय मला कुणाची हळद लागणार नाही.