पायलट भाचीचा गॉगल

वस्तू पारखून घ्यायला मला कोणी शिकवायचं नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचो. आमची भाची पायलट झाली, म्हणून मामाकडून गॉगल. साधा नाही, उन्हात आपोआप काळा होणारा आणि सावलीत पुन्हा पांढरा होणारा. तसाच एक मलाही, गाडी चालवायला.

खारघरच्या दुकानातून आणले आणि आधी तिचा तपासला. विमान उंच जातं, म्हणून भर दुपारी सोसायटीच्या गच्चीवर गेलो, सतराव्या मजल्याच्या वर! अर्ध्या मिनिटात गॉगल काळाकुट्ट. म्हटलं, पोरीचं काम झालं.

मग माझा लावून गाडी काढली. ऊन थेट डोळ्यांत, आणि गॉगल आपला पांढराच. तसाच दुकानात जाऊन आवाज चढवला.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, हा ज्या किरणांनी काळा होतो, ते गाडीची पुढची काच आत येऊच देत नाही. तुम्हाला साधा काळा गॉगल हवा."

"मग आधी सांगायचं ना!"

"बोलू कुठे दिलंत? तुम्हीच मला समजावत होतात."

असो. माझा बदलून घेतला. भाचीला मात्र तिचा रुबाबात दिला आणि झालेलं सगळं रंगवून सांगितलं. वर म्हटलं, "गाडीत चालत नाही गं हा, पण तुला वर काय टेन्शन?"

तिने गॉगल हातात फिरवला आणि विचारलं, "मामा, आम्ही विमान काच खाली करून चालवतो का?"