फळ्यावरची शेवटची म्हण

मावशी : दादा, करवत थांबवा की जरा! हाका मारून घसा बसला माझा.

सुतार : अहो मावशी, तुम्ही? शाळा सोडून इकडे कुठे?

मावशी : शाळेच्याच कामाला आले. तुमची लेक शिकवायची त्या वर्गातला फळा अजून पुसलेला नाही.

सुतार : तिला जाऊन अठरा दिवस झाले.

मावशी : तेच तर. बाई रोज एक इंग्रजी म्हण लिहायच्या. पोरांनी घरून अर्थ शोधून आणायचा. ज्याचा बरोबर, त्याने सकाळी फळा पुसायचा. त्या दिवशी म्हण लिहून निघाल्या आणि बस उलटली. आता पोरं डस्टरला हात लावू देत नाहीत. उद्या फळ्याला रंग द्यायचाय.

सुतार : नका देऊ. तिचं अक्षर आहे ते.

मावशी : किती दिवस ठेवणार, दादा? तिची वही असेल ना? अर्थ तरी मिळू दे पोरांना.

सुतार : तिची पिशवी मी उघडलेली नाही. उघडणारही नाही. नव्या बाईंना विचारा.

मावशी : त्यांनी सांगितला. पण पोरं म्हणतात, आम्हाला आमच्या बाईंचाच अर्थ पाहिजे.

सुतार : तिच्यासारखीच हट्टी कार्टी. म्हण तरी काय आहे?

मावशी : थांबा, लिहून आणलीय. अ वॉच्ड पॉट नेव्हर बॉइल्स.

सुतार : मला काय कळणार त्यातलं!

मावशी : भांड्याकडे डोळे लावून बसलं, की लवकर उकळी फुटत नाही म्हणे.

(सुतार खाली बसतो.)

मावशी : दादा? काय झालं? पाणी आणू?

सुतार : नको. यावरूनच ओरडायची मला. तिची बस साडेपाचची, आणि मी चारलाच रंधा टाकून दारात. म्हणायची, "बाबा, डोळे लावून बसलात म्हणून बस लवकर येते का? उलट वेळ जाता जात नाही. काम करत बसा, मी येतेच."

मावशी : अगं बाई! हाच की बाईंचा अर्थ!

सुतार : माझ्यावरूनच सुचली असणार. लबाड कुठली.

मावशी : मग उद्या चला. तुम्हीच सांगा पोरांना.

सुतार : आणि फळा?

मावशी : अर्थ सांगेल त्याने पुसायचा. नियम बाईंचाच आहे.

सुतार : माझ्या हाताने पुसू? मावशी, तेवढंच तर उरलंय हो तिचं.

मावशी : पोरांचे हात धजत नाहीत, दादा. माझाही धजला नाही.

सुतार : येतो. सकाळी न्यायला या. एकट्याने नाही व्हायचं माझ्याच्याने.

मावशी : येईन. ही दारातली खुर्ची आत घेऊ का? जाता येत नाही.

सुतार : राहू द्या. साडेपाचची बस यायचीय अजून.