आर्लीनला आधी सांगा

अहो, थांबा थांबा — तशी हाताला धरून ओढू नका तिला! आधी सांगायचं. आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, मग हात लावायचा. हसू नका, काका. रबराची बाहुली आहे, पाठीत वायरी आहेत, मलाही कळतं — पण आमच्या नर्सिंगच्या वर्गाचा नियमच तो. आमच्या बाई, मिसेस प्रुइट, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आर्लीनशी न बोलता जी तिला हात लावेल ती त्या दिवशी घरी. गेल्याही एकदोघी! सवय नको का — उद्या पलंगावर खरं माणूस असतं. तुमच्या कॉलेजात नाही असं? मग शिकवा, आता ती तुमचीच.

छे, मी इथे नोकरीला नाही. वर्ग बंद झाला, मिसेस प्रुइट गाव सोडून गेल्या, चावी कुणाकडे तरी हवी. मी विद्यार्थिनी — होते. पहिलं वर्ष झालं, दुसरं झालंच नाही. का म्हणजे? घरपट्टीतला कॉलेजचा हिस्सा मतदानाला आला आणि काउंटीने, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याने, 'नको' म्हटलं. नवा कर नव्हता हो, जुनाच पुढे चालू ठेवायचा, एवढंच! पण आमच्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार? सकाळपासून पेट्रोलपंपावर कॉफी घेऊन बसतात — पोरं शिकतात नि मोठ्या शहरात, कोलंबसला पळतात, आपण का भरायचं? कोण पळालं? वर्गातल्या बहुतेक पोरी इथल्याच हॉस्पिटलात लागायच्या. मलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, पास हो नि ये. आता वर्ग नाही म्हणून नर्सा नाहीत, नर्सा नाहीत म्हणून हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याला कुलूप — आणि तेच म्हातारे विचारतात, या गावाला झालंय तरी काय!

मी गावभर पाट्या लावत फिरले, 'कॉलेजला हो म्हणा'. एक आमच्या अंगणातही. बाबा गवत कापताना त्या पाटीपाशी यंत्र बंद करायचे, खाली बसून भोवतीचं गवत हाताने काढायचे. मला वाटलं — कुणालाही वाटेल ना? निकाल लागला, मी रडत होते, तर जेवताना म्हणाले, "मीही 'नको'च दिलं हं, केंड्रा. त्या कॉलेजच्या साहेबांनी काचेची इमारत बांधली, बसू दे जरा चटका. तुझा वर्ग कोण बंद करतंय!" आणि त्याच दमात — "बिल्ल्याच्या समारंभाला मी टाय घालू ना?" पास झालेल्या नर्सला बिल्ला घरचं माणूस लावतं, माहितीये ना तुम्हाला. टाय आणून ठेवला होता त्यांनी. निळा. अजून पुड्यातच आहे.

मग हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. ॲम्ब्युलन्स नदीपलीकडे न्यावी लागली, इथे कोण होतं? उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता मीच सगळं. कूस बदलते, अंग पुसते — ते पहिल्या वर्षाचं, ते येतं. घशात अडकू न देता भरवायचं कसं, ते दुसऱ्या वर्षाला होतं. रोज चमचा उचलते नि —

काय? तुमच्याकडे जागा आहे? मला? ... नाही, म्हणजे — चांगलं आहे. खूप चांगलं आहे. पण दोन तासांचा रस्ता, आणि त्यांना कुणाजवळ ठेवू? पंपावरच्या मंडळींजवळ? एकदाही आले नाहीत ते. नाही जमायचं, काका. बघा, मी पळालेच नाही. बाबांना सांगते मी ते. रोज, हात लावायच्या आधी — बाबा, मी केंड्रा, इथेच आहे, आता तुम्हाला उचलते. डोळे मिटून घेतात. दरवेळी.

चला, उचला तिला. आधी बोला! नाही जमत? सरका. आर्लीन, मी केंड्रा. हे काका तुला न्यायला आलेत. आता तुला उचलतोय आम्ही —

डोकं सांभाळा. हां. जा आता. नाही, मागे बघू नका, जा. दार तेवढं ओढून घ्या.