ताकाची परीक्षा

आज ताकाचा पेला पुढे केलात म्हणून सांगते, पण आधी हसायचं नाही.

टेंभुर्णीला सून म्हणून येऊन मला महिनाच झाला होता. नणंदेला बघायला वाटूरचे पाहुणे यायचे होते. धपाट्यांचं पीठ भिजवायला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लहानसं मडकंभर ताक राखून ठेवलं होतं. शेतात निघताना म्हणाल्या, "ताक खराब झालं न्हाई ना, बराबर बघून घे. हैदराबादेत शिकलीस, तुला काय सांगायचं!"

झाकण काढलं तर वर पिवळट पाणी! पाहुण्यांना बाधलं तर नणंदेचं लग्न मोडणार, तेही माझ्या हातून. म्हणून आधी मीच एक वाटी प्यायले आणि नाडी धरून बसले. काही झालं नाही. पण एकाच प्रयोगावर भरवसा ठेवायचा नाही, असं कॉलेजात घोकलेलं. दुसरी वाटी प्यायले. मग वाटलं, दोष तळाशी बसला असला तर?

आत्याबाई परतल्या तेव्हा मी घामाघूम.

"काय गं, ताक खराब झालं का?"

"नाही, आत्याबाई. अगदी चांगलं होतं."

"व्हतं?" त्यांनी मडकं वाकवून पाहिलं. "अगं बाई! वरचं पाणी वतून द्यायचं अन् बोट बुडवून चाटायचं. आंबट असलं तर धपाट्याला बेस, कडू लागलं तरच फेकायचं!"

तेवढ्यात दारात पाहुण्यांची गाडी थांबली. आत्याबाईंनी माझ्या हातात तांब्या कोंबला.

"जल्दी शेजारून ताक घेऊन ये. अन् वाटेत तपासू नको!"