सातवा धुरकट वाडगा

काचेच्या दुकानात रांगेत उभ्या सुताराला पुढच्या मावशी-भाचीचं बोलणं ऐकू येत होतं.

“काचेचा सातवा वाडगाही भट्टीतून धुरकट निघाला गं, मावशी. परवा प्रदर्शन आहे, आता भट्टी एकदाच लावता येईल.”

“तापमान बदलून पाहिलंस?”

“दर वेळी. आलेखही काढले. एमएस्सी झालेय, उगाच नाही!”

“काच पुसतेस ना?”

“दोनदा, स्पिरिटनं.”

“आणि भट्टीत वाकायला साच्यावर कशी ठेवतेस ती?”

“हातानं, अगदी अलगद. आधी क्रीम लावते. काचेच्या कामानं हात किती खरखरीत होतात!”

“अगं बाई, म्हणजे काचेवर क्रीमचे ठसे भाजतेस तू!”

“...सात आलेख, मावशी. एकातही माझे हात नव्हते.”

“पुरे. तुझा नंबर आला.”

“दादा, एकच काच द्या. आणि मावशीच्या हातात द्या, माझ्या नको.”